झाकलेला चौकोन

जुने यंत्र नव्याने घडवावयाचे म्हणजे त्याचा आराखडा मिळवावा, सुटे भाग जमवावेत आणि कथलाचा डाक देत बसावे, अशी आपली समजूत असते. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाने ती खोटी ठरविली. १९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने १२५ पौंडांपासून विकावयास काढलेले हे यंत्र घरच्याच टेलिव्हिजनला जोडीत आणि त्यातील लेखन साध्या कॅसेटवर साठवीत. भारतात ते १९८८ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्यानिशी आले. एखाद्या वाचकाच्या माळ्यावर अद्यापही असेल.

दुरुस्तीच्या पुस्तिकेत याचा परिपथ छापलेला होता. त्यात झेड-८० ही गणन करणारी चिप दिसते, स्मृतीच्या चिपा दिसतात, आणि त्यांच्यामध्ये एक चौकोन दिसतो. त्यावर ‘यूएलए’ एवढीच अक्षरे. पडद्यावरील चित्र, कळफलक, ध्वनी, कॅसेट हे सारे त्याच्या स्वाधीन. परंतु आत काय आहे, याविषयी आराखडा मूक. उत्तर बरोबर, पण रीत लिहिलेलीच नाही! अशा उत्तराला गुण किती द्यावेत, हा आम्हां शिक्षकांचा जुनाच वाद आहे.

ही चिप फेरांटी कंपनी करीत असे. विणून तयार ठेवलेल्या वस्त्रावर गिऱ्हाइकाच्या पसंतीची नक्षी शेवटी काढावी, त्याप्रमाणे तयार घटकांवर जोडणीच्या धातुरेषा तेवढ्या मागाहून उमटवीत. ती तापे, कधी जळे. आणि तिचे उत्पादन थांबल्यावर जळालेल्या चिपेबरोबर अख्खे यंत्रच निकामी होऊ लागले.

ख्रिस स्मिथ या अभियंत्याने चिपेचे कवच काढून सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली आणि त्या धातुरेषांचा माग काढला. २०१० साली त्याने ही सारी रीत ग्रंथरूपाने मांडली. बाजारात मिळणाऱ्या ७४ मालिकेतील साध्या चिपा जोडून त्याने त्या चौकोनाचे काम करूनही दाखविले. ‘हार्लेक्विन’ नावाचे ते यंत्र आता इतर हौशी मंडळीही घरी बांधतात.

यातील खरी कसोटी वेळेची आहे. पडदा आणि झेड-८० या दोघांनाही स्मृतीचे तेच १६ किलोबाइट हवे असतात. एका नळावर दोन घागरी आल्या, की यूएलए झेड-८० चे घड्याळच क्षणभर थांबवून पडद्याला अगोदर पाणी देते. पडद्यावरील एका चित्राला घड्याळाचे ६९,८८८ ठोके लागतात, आणि जुने खेळ लिहिणाऱ्यांनी आपला हिशेब या ठोक्यांवर बसविलेला असे. काहींनी तर परिपथातील एका उणिवेचाही उपयोग करून घेतला होता. म्हणून नव्या यंत्रात उणीवदेखील जशीच्या तशी उतरवावी लागते. कोणी शहाणपणाने ती सुधारली, तर ते खेळ बिघडतात. प्रत करणाऱ्याने मूळ पोथीतील ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नये, हा आपल्याकडील पाठसंशोधनाचा नियम येथेही लागू पडावा, याची मला मोठी मौज वाटते.

आता पाळी झेड-८० वर आली आहे. १९७६ पासून चालत आलेल्या या चिपेच्या सुट्या उत्पादनाची अखेर झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केली. तिच्या अंतरंगाची छायाचित्रे मात्र अभ्यासकांनी अगोदरच घेऊन ठेवली आहेत.