हरलेल्या माशाला जायला जागा हवी



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात हल्ली फिशटँक दिसतो. कारण उघड आहे. कुत्रा पाळायचा म्हणजे घरमालकाची परवानगी, वर्षाचा कर, बर्फात फिरवून आणणं, आणि भारतात जाताना त्याला कुणाकडे ठेवायचं हा घोर. त्यामानाने मासे बरे, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

विषय आहे सिक्लिड. इथे त्यांना बुंटबार्श म्हणतात. देखणे, हुशार आणि कमालीचे भांडखोर मासे. ते घरी कसे ठेवावेत, आणि मुळात ठेवावेत का, याबद्दल माझं एक मत झालंय. ते पुस्तकं वाचून नाही, मासे मारून झालंय.

6 वर्षांपूर्वी आम्ही र्युसेल्सहाइमला आलो. मुलीच्या सातव्या वाढदिवसाला टाकी आणली, 80 सेंटिमीटर लांब, 112 लिटरची. आमच्याकडे किटलीत पाहता पाहता काल्कचा पांढरा थर बसतो. दुकानदार म्हणाला, असं जड पाणी आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना छान मानवतं. ते खरंच आहे. मग त्याने बोटाएवढे, पिवळेधमक, काळ्या पट्ट्यांचे 6 मासे पिशवीत घालून दिले. नाव मेलानोक्रोमिस ऑराटस. मोठे झाल्यावर ते काय करतात हे त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. टीव्ही घेताना आपण चार दुकानं फिरतो, जिवंत प्राणी घेताना दहा मिनिटांत उरकतो!

काही महिन्यांनी त्यातला एक काळपट व्हायला लागला. तो नर होता, आणि राजा झाल्याची ती वर्दी होती. मग पाठलाग सुरू. एक मासा मेला. दोन हीटरच्या मागे, पाण्याच्या वरच्या थरात अंग चोरून उभे, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. मुलीने विचारलं, "बाबा, तो वाईट आहे का गं?" असं आईला नाही, मलाच विचारलं, इतकी ती गोंधळली होती. मी म्हटलं, हो, वाईट आहे. आणि त्याला दुकानात परत देऊन आलो.

घरात शांतता झाली. दोन आठवड्यांनी दुसरा मासा काळा पडायला लागला. तो आजवर दबून होता, एवढंच. त्याने आणखी एक मारला.

त्या दिवशी माझी ट्यूब पेटली. खोट माशात नव्हती, मी दिलेल्या पेटीत होती.

मलावी सरोवरात खडकाळ किनाऱ्याशी राहणाऱ्या या माशांना तिथे मबुना म्हणतात. नर एखादी कपार धरून बसतो आणि दुसऱ्या नराला हाकलतो. मादी अंडी तोंडात धरते आणि सुमारे 3 आठवडे जवळजवळ उपाशी राहून पिल्लं वाढवते. भांडण तिथेही रोजचंच आहे. पण तिथे हरलेला मासा थोडं अंतर पोहत जातो, आणि भांडण मिटतं. माझ्या टाकीत तो 80 सेंटिमीटर पोहला की काच. पुन्हा मागे वळला की तोच नर. हरून पळालेला मासा सुद्धा त्या नराच्या दृष्टीने अजून हद्दीतच उभा असतो. मग भांडणाचा शेवट एकच.

काही हौशी लोक म्हणतात, "हे नैसर्गिकच आहे, आपण मध्ये पडू नये." मला हे पटत नाही. भांडण नैसर्गिक आहे, पण काच आपण लावलेली आहे.

दुसरा एक लोकप्रिय उपाय म्हणजे टाकीत मुद्दाम गर्दी करायची, म्हणजे एकाच माशावर राग निघत नाही, वाटला जातो. यात तथ्य आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्याला 1973 चं नोबेल विभागून मिळालं, 1963 च्या पुस्तकात सिक्लिडांची मोठी मजेदार हकिगत दिली आहे. जोडी एकटी ठेवली की नर मादीवरच उलटायचा. काचेपलीकडे शेजारी दिसत असले की सगळा राग तिकडे, आणि संसार सुखाचा. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले की घरात पुन्हा कुरबुर! (आपापल्या मंडळांच्या कार्यकारिणीला हे लावून बघू नये. माणसांना माशांचे नियम लावले म्हणून लोरेन्झवर पुष्कळ टीका झालेली आहे. :-))

पण गर्दीने राग पसरतो, संपत नाही. शिवाय मासे दुप्पट म्हणजे घाणही दुप्पट. फिल्टर दणकट हवा, दर आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदलायला हवं. तुम्ही डिसेंबरात 4 आठवडे पुण्याला, आणि शेजाऱ्याने प्रेमाने मूठभर खाणं टाकलं, की संपलं. लहान टाकीत गर्दी करणं हा उपाय नव्हे, आपल्या चुकीवर घातलेलं पांघरूण आहे.

मला शहाणं केलं ते आमच्या शेजारच्या आजोबांनी. उभी हयात ओपेलमध्ये गेली, आणि केलरमध्ये ओळीने टाक्या. माझी मुलगी त्यांना ओपाच म्हणते. त्यांनी माझी टाकी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "हरणाऱ्याला निघून जाता आलं पाहिजे." मग उरलेले 3 ऑराटस स्वतःच्या मोठ्या टाकीत घेऊन गेले.

त्यांच्याकडून शिकलेलं थोडक्यात सांगतो. लिटर नव्हे, लांबी बघा. मबुनांसाठी 120 सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. एका नरामागे 4-5 माद्या. दगड पाण्याच्या वरच्या थरापर्यंत रचा, म्हणजे नजरेआड होता येतं. मात्र ते थेट तळावर टेकवा, कारण हे मासे वाळू उकरतात आणि डोलारा कोसळतो. नवीन मासे सोडताना दिवा बंद आणि दगडांची जागा बदललेली, म्हणजे जुन्यांचीही हद्द पुसली जाते. आणि पहिल्यांदा ठेवणाऱ्याने ऑराटसच्या वाटेला जाऊ नये. पिवळा लॅबिडोक्रोमिस त्यातल्या त्यात सोशिक. आज माझ्याकडे तोच आहे, 150 सेंटिमीटरच्या टाकीत. पाणी, दगड, स्टँड मिळून अर्ध्या टनाच्या आसपास वजन होतं, तेव्हा घरमालकाशी आधी बोला.

हे जमत नसेल तर सिक्लिड आणूच नका. हे माझं मत. 1972 च्या इथल्या प्राणी संरक्षण कायद्याचं दुसरं कलमही तेच सांगतं: प्राण्याला त्याच्या जातीला साजेशी जागा द्यायची जबाबदारी पाळणाऱ्याची.

आणि कंटाळा आला म्हणून मासे ओढ्यात सोडू नका. कोलोनजवळचा गिलबाख ओढा वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने उबदार झाला, आणि तिथे सोडून दिलेले सिक्लिड चक्क रुजले. आपल्याकडेही 1952 मध्ये आणलेला तिलापिया हा सिक्लिडच. भिगवणला चवीने चिलापी खाताना तो कुठून आला हे कुणाला आठवतं?

परवा मुलीने विचारलं, तो पहिला काळा मासा खरंच वाईट होता का? मी म्हटलं, नाही गं, बाबाने नीट घर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "मग तेव्हा तसं का सांगितलंस?"

याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तुमच्या मुलांनी हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं. वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

कळावे, लोभ असावा.
आपला एक र्युसेल्सहाइमकर