बियाण्यांच्या राजधानीत बादलीतला टोमॅटो

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात दीडशे रुपये किलोच्या पुढे गेला. केंद्र सरकारने तो सवलतीच्या दरात विकायला काढला, नेपाळहून आयातही केली. पुढच्या महिना-दीड महिन्यात भाव असे कोसळले की महाराष्ट्रातले शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतू लागले. भाव असे चढले की एक सल्ला हमखास ऐकू येतो : घरच्यापुरती चार झाडे दारात लावा. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. झाड कोणते लावायचे, हे त्यात कोणी सांगत नाही.

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात एखाद्या गृहिणीने हा सल्ला मनावर घेतला आणि दुकानातून टोमॅटोचे पाकीट आणले, तर ते बहुधा शेतासाठी तयार केलेल्या संकरित वाणाचे निघते. शेतात या झाडाला तार-बांबूचा आधार असतो, ठिबक असते, मुळांना पसरायला जागा असते. तेच बी पंधरा लिटरच्या बादलीत लावले की झाड माणसाच्या छातीपर्यंत वाढते, वाऱ्याने आडवे होते, बादलीतले पाणी दुपारपर्यंत संपवते आणि दोन-चार फळे देऊन सुकते. मग ‘आपल्याला कुंडीत काही जमत नाही’ असे म्हणून बादली पुन्हा धुण्याकडे जाते. दोष हाताचा नसतो, वाणाचा असतो.

कुंडीसाठी बुटके टोमॅटो वेगळेच असतात. काही ठरावीक फुलांचे घोस आल्यावर वाढ थांबवणारी झुडपी जात आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. बुटकेपणा हा त्याहून निराळा गुण. वनस्पतीत ब्रासिनोस्टेरॉईड नावाचे वाढीचे संप्रेरक असते. ते बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड असला की खोड जाड राहते, पेरे आखूड पडतात, पाने गडद हिरवी आणि सुरकुतलेली दिसतात. फळ मात्र चांगले भरू शकते. ‘मायक्रो-टॉम’ हा फ्लोरिडा विद्यापीठाचा 1989 चा वाण जेमतेम वीतभर उंचीचा. ‘रेड रॉबिन’ हा बुटका वाण तर 2022-23 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वाढवून पाहिला गेला. जागा आणि पाणी मोजून वापरायचे असेल तिथे हेच झाड निवडले जाते. मराठवाड्यातल्या अंगणाची अडचण यापेक्षा फार वेगळी नाही.

या वाणांची जुनी तक्रार चवीची होती. ती दूर करण्याचे काम कोणा कंपनीने केले नाही. अमेरिकेतले क्रेग लेहुलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी 2005 च्या सुमारास हौशी बागायतदार जमवले आणि चवीच्या उंच वाणांचा बुटक्यांशी संकर सुरू केला. शाळेत शिकवला जाणारा मेंडेलचा नियम इथे कामी आला. पहिली पिढी सगळी उंच, दुसरीत चारातले एक बुटके, आणि ते रोपाच्या ट्रेमध्येच ओळखू येते. एका गोलार्धात हिवाळा असताना दुसऱ्यात उन्हाळा, त्यामुळे वर्षाला दोन पिढ्या निघाल्या. आज असे शंभराहून अधिक वाण आहेत. ते सरळ वाण आहेत. टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुतेक आपल्या आपणच होते, त्यामुळे घरी धरलेल्या बियांतून पुन्हा तसेच झाड येते. संकरित वाणाच्या बियांचा असा भरवसा नसतो.

आता जालन्याकडे पाहावे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांची राजधानी म्हणून जालना देशभर ओळखला जातो. त्याच जिल्ह्यातल्या एका घराला कुंडीत लावण्याजोग्या टोमॅटोच्या वीस बिया सहज मिळू नयेत, हे विचित्र आहे. घरगुती बागेची बाजारपेठ लहान, हे कंपन्यांचे म्हणणे समजू शकते. कृषी विद्यापीठांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना ते कारण चालणार नाही. परभणीच्या विद्यापीठाने चार-पाच बुटके सरळ वाण मराठवाड्याच्या उन्हात तपासून पाहावेत, आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने बचत गटांना त्यांची छोटी पाकिटे द्यावीत. यासाठी मोठा खर्च लागत नाही.

याने घरखर्च वाचेल, असे सांगणे खोटे ठरेल. एका लहान बुटक्या झाडाला किलोभर फळ आले तरी पुष्कळ. लाभ दुसरीकडे आहे. राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले आहे. बाजरीच्या भाकरीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते वाढते. भाव दीडशेवर गेला की ताटातून आधी कोशिंबीर जाते, आणि ती आधी बाईच्या ताटातून जाते. दारातल्या चार फळांचे मोल इथे आहे. (लायकोपीनसाठी मात्र तेलाच्या फोडणीतला शिजवलेला टोमॅटोच बरा, ते स्निग्ध पदार्थात विरघळते.)

लावणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. खेड्यात ते सहज हाताशी असतात म्हणूनच हे ठासून सांगायला हवे. गोडेतेलाचा डबा किंवा पाण्याची फुटकी बादली चालते, तळाला चार-पाच भोके हवीत. शेतातली काळी माती शेतात सोने, डब्यात मात्र ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. तिच्यात निम्म्याहून अधिक कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. फळाचा बूड काळा पडला की अंड्याची टरफले टाकली जातात. पण कॅल्शियम मातीत असतेच. एक दिवस कोरडे आणि एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. रोज थोडे पाणी आणि वर पाचटाचे आच्छादन, एवढे पुरते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

पारा 35 अंशांपुढे गेला आणि रात्रीही गारवा नसला की पराग निकामी होऊन फुले गळतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर किंवा माळवदावर कुंड्या ठेवून फळाची वाट पाहण्यात अर्थ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे करावीत, पांढऱ्या माशीने पर्णगुच्छ रोग आणू नये म्हणून पहिला महिनाभर ती जुन्या पातळ लुगड्याखाली ठेवावीत आणि नंतर अंगणात पूर्वेच्या बाजूला मांडावीत. पहिले चांगले पिकलेले फळ खाऊ नये. त्याचा गर दोन-तीन दिवस वाटीत आंबवून, बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. कोरड्या बाटलीत त्या चार वर्षे टिकतात, आणि एका फळाच्या बिया अख्ख्या आळीला पुरतात.