भुताचे सामान

परवा एक जुना विद्यार्थी चित्रपटकथेचे बाड घेऊन आला. "सर, अगदी परखड सांगा!" (असे म्हणणाऱ्याला परखडपणा सहसा नकोच असतो.) पहिल्याच पानावर वाडा, अमावास्या, टिटवी आणि पांढरी साडी!

म्हटले, "अरे, १९४९ च्या 'महल'मध्ये कमाल अमरोहींनी मधुबालेला किती वेळ भूत भासवले, निघाली ती माळ्याची मुलगी! तुझी हडळ पाचव्या ओळीत दात दाखवते. मग पुढे भ्यायचे कशाला?"

तो हिरमुसला. पण चाळिसाव्या पानावर वारलेले वडील रात्री येतात, दाराची कडी तपासतात आणि निघून जातात. एवढेच.

"हे कुठून आणलेस?"

"वडील तसेच करीत, सर."

"मग इथूनच सुरुवात कर. टिटवी काढून टाक."

त्या रात्री मी कडी दोनदा पाहिली. सौ. हसली.