हिशेब मागणाऱ्याचा हिशेब

लोकशाहीत सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यांची वाण नसते. विरोधी पक्ष विचारतो, वृत्तपत्रे विचारतात. चहाच्या टपरीवर तर रोज सकाळी एक सरकार पडते आणि दुसरे उभे राहते. परंतु सत्तेची कपाटे उघडून, नस्त्या चाळून, पावतीशी प्रमाणक ताडून केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांना प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्यघटनेने एकाच अधिकाऱ्याकडे सोपवला आहे. तो अधिकारी म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, अर्थात ‘कॅग’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये संविधान सभेत या पदाविषयी बोलताना, हा बहुधा राज्यघटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे आहे, असा अभिप्राय दिला होता. घटनाकारांनी ज्या पदाला एवढे उंच आसन दिले, त्याची आज नेमकी अवस्था काय आहे, याचा विचार राष्ट्रहिताची चाड असणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.

वरवर पाहता तटबंदी भक्कम दिसते. अनुच्छेद १४८ अन्वये कॅगला पदावरून दूर करायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी जी प्रक्रिया आहे, तीच वापरावी लागते. त्याचे वेतन त्याला अपायकारक होईल अशा रीतीने बदलता येत नाही. त्याच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या संचित निधीवर भारित असल्यामुळे त्यावर संसदेत मतदान होत नाही. सहा वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी घडेल तोवर हे पद अढळ असते. एवढा बंदोबस्त असताना चिंता कशाची? चिंता अशी की, या तटबंदीला तीन दिंडीदरवाजे आहेत आणि ते तिन्ही सत्ताधाऱ्यांच्या वाड्यात उघडतात.

पहिला दरवाजा : नेमणुकीचा

केंद्रीय दक्षता आयुक्त नेमायचा तर पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता यांची समिती बसते. मुख्य माहिती आयुक्तासाठी समिती आहे, लोकपालासाठी आहे, केंद्रीय अन्वेषण विभागाच्या संचालकासाठीही आहे. निवडणूक आयुक्तांसाठी २०२३ च्या कायद्याने समिती आली. तिच्या रचनेवर वाद आहे, पण समिती आहे. कॅगसाठी मात्र काहीच नाही. पात्रतेचा निकष नाही, निवड समिती नाही, विचाराधीन नावांची यादी कोणाला ठाऊक नाही. राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक होते एवढेच घटना सांगते आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे ज्याच्या खर्चाची तपासणी व्हायची, तोच तपासनीस निवडतो. परीक्षार्थ्याने परीक्षक नेमावा, तशातलाच हा प्रकार!

समिती असली की काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. सप्टेंबर २०१० मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने पी. जे. थॉमस यांना केंद्रीय दक्षता आयुक्तपदी बसवले. केरळमधील पामोलिन आयात प्रकरणात ज्यांचे नाव आरोपपत्रात होते, त्यांनाच भ्रष्टाचारावर पहारा ठेवण्याचे काम! निवड समितीत विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी आपली असहमती लेखी नोंदवली. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती बाजूला सारली गेली. पण ३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली, तेव्हा देशाला कळले की एका सदस्याच्या असहमतीलाही वजन असते. कॅगच्या बाबतीत असहमती नोंदवायला कागदच नाही. कोणाला का निवडले आणि कोणाला का वगळले, हे विचारायची सोय नाही.

परिणाम काय होतो? मे २०१३ मध्ये त्याच सरकारने संरक्षण सचिव शशिकांत शर्मा यांना कॅगपदी आणले. कालपर्यंत ज्या मंत्रालयाचे प्रशासन ज्यांच्या हाती होते, त्यांनीच उद्या त्या मंत्रालयाच्या खरेदीचे परीक्षण करायचे! तेव्हा आजच्या सत्ताधाऱ्यांना ही विसंगती स्पष्ट दिसत होती. पुढे २०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीवरील अहवाल येण्याआधी काँग्रेसने राजीव महर्षी यांच्यावर हाच आक्षेप घेतला. कारण करार जुळत असताना ते वित्त मंत्रालयात होते. नावे बदलली, बाके बदलली, आक्षेप तोच राहिला. या दोन्ही अधिकाऱ्यांच्या सचोटीवर शिंतोडे उडवण्याचे येथे कारण नाही. प्रश्न व्यक्तीचा नाहीच. ज्या पद्धतीत प्रामाणिक माणसालाही संशयाच्या सावलीत काम करावे लागते, ती पद्धतच सदोष आहे. गेल्या चार दशकांहून अधिक काळ हे पद भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांकडेच चालत आले आहे. ज्यांनी उभी हयात लेखापरीक्षणात घालवली, त्या लेखापरीक्षण व लेखा सेवेतील एकही अधिकारी या अवधीत त्या खुर्चीच्या योग्यतेचा निघाला नाही, असे मानायचे काय?

दुसरा दरवाजा : मुदतीचा

अहवाल लिहून झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. अनुच्छेद १५१ प्रमाणे केंद्राचे अहवाल राष्ट्रपतींकडे आणि राज्याचे राज्यपालांकडे जातात. ते सभागृहापुढे ठेवण्याची व्यवस्था करावी, असे घटना सांगते. किती दिवसांत, हे मात्र सांगत नाही. घटनाकारांनी राज्यकर्त्यांच्या लज्जेवर विश्वास ठेवला. ती लज्जा किती टिकली, हे दिल्लीने दाखवून दिले.

ज्या मंडळींनी २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात कॅगचे आकडे तोंडपाठ करून व्यासपीठे गाजवली, त्यांचेच सरकार दिल्लीत बसले आणि कॅगचे १४ अहवाल विधानसभेचा उंबरठा ओलांडू शकले नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने या दिरंगाईवर कठोर ताशेरे ओढले आणि अहवाल सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. परंतु विशेष बैठक बोलावण्याचा आदेश देणे न्यायालयाला शक्य झाले नाही. अखेर मतदारांनीच सरकार बदलले, तेव्हा २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहिला अहवाल पटलावर आला. मद्य धोरणापायी सुमारे २,००२ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा निष्कर्ष त्यात होता. हा अहवाल वेळेवर आला असता तर दिल्लीच्या मतदाराला तो मतदानापूर्वी वाचता आला असता. नेमके तेच टाळायचे होते, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष कसा देणार?

परंतु हे पाप एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, सदस्य घरी निघण्याच्या घाईत असताना अहवालांचा गठ्ठा पटलावर ठेवायचा आणि चर्चेला वेळच उरू द्यायचा नाही, ही चाल अनेक राज्यांत अनेक रंगांच्या सरकारांनी आत्मसात केली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटलाचे, म्हणजे लेखा कार्यालयाचे, स्वतंत्र प्रकरण आहे. वर्षाचा हिशेब आषाढात सादर झाला पाहिजे आणि मुदतीत न आणणाऱ्याला दंड झाला पाहिजे, अशी त्यात व्यवस्था आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यशास्त्राला जी मुदत सुचली, ती एकविसाव्या शतकातल्या प्रजासत्ताकाला सुचू नये?

कागदपत्रांच्या बाबतीतही तेच. माहिती अधिकाराच्या कायद्याने सामान्य नागरिकाला ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. लेखापरीक्षकाने मागितलेली नस्ती मात्र कधी द्यायची, याची मुदत १९७१ च्या कॅग कायद्यात नाही. विनोद राय यांनी ती दुरुस्ती मागितली होती. तालुक्याच्या कचेरीतही अर्धसमासाचे उत्तर महिनोन्महिने रखडते, हे सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खाली जी सवय, तीच वर दिल्लीत धोरण होते.

तिसरा दरवाजा : दहशतीचा आणि आमिषाचा

नोव्हेंबर २०१० मध्ये दूरसंचार ध्वनिलहरींच्या वाटपाचा अहवाल संसदेत आला. २००१ च्या भावाने २००८ मध्ये परवाने वाटल्यामुळे तिजोरीच्या संभाव्य नुकसानीचे निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज त्यात होते. त्यांतील सर्वांत मोठा १ लाख ७६ हजार कोटी रुपयांचा. उत्तर काय मिळाले? जानेवारी २०११ मध्ये मंत्री कपिल सिब्बल यांनी नुकसान शून्य असल्याचे जाहीर केले. एप्रिल २०११ मध्ये डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीत अहवालाचा मसुदा आला, तेव्हा काँग्रेस आणि द्रमुकच्या सदस्यांनी समाजवादी पक्ष व बसपला हाताशी धरून गोंधळ घातला, अध्यक्ष बाहेर पडल्यावर दुसराच अध्यक्ष बसवला आणि मसुदा फेटाळल्याचे घोषित केले. १९६७ पासून ज्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची परंपरा आहे, तिची ही विटंबना होती. ऑगस्ट २०१२ मध्ये कोळसा खाणींचा अहवाल आला; त्यातील १ लाख ८६ हजार कोटींचा आकडा सरकारला झोंबला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅगला बहुसदस्य करण्याचा विचार मंत्री व्ही. नारायणसामी यांच्या तोंडून बाहेर पडला आणि मग नेहमीची सारवासारव झाली. हा विचार कोठून आला, हे सांगायला नको. १९९३ मध्ये टी. एन. शेषन डोईजड झाले, तेव्हा निवडणूक आयोगात आणखी दोन आयुक्त आणून बसवण्याचा उपाय काँग्रेसने करून पाहिला होता.

आज काही जण २१ डिसेंबर २०१७ च्या विशेष न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवून, ‘सारे आरोपी सुटले, म्हणजे कॅग खोटा’ असे म्हणतात. हा बुद्धिभेद आहे. कोणी लाच घेतली हे फौजदारी न्यायालयात सिद्ध होणे वेगळे आणि सार्वजनिक संपत्ती ज्या रीतीने वाटली गेली ती रीत बेकायदा असणे वेगळे. पहिले सिद्ध करणे हे तपास यंत्रणेचे काम. त्यात ती अपयशी ठरली. दुसऱ्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने आणि सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ खाणपट्टे रद्द करून दिला. संभाव्य नुकसानीच्या आकड्यावर अर्थतज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. वाटपाची पद्धत चुकीची होती, या मूळ आक्षेपाला त्याने बाध येत नाही.

दहशतीइतकेच आमिषही घातक. पदमुक्तीनंतर कॅगला केंद्र वा राज्य सरकारच्या अधीन कोणतेही पद देऊ नये, असे अनुच्छेद १४८ सांगतो. परंतु बोफोर्सचा अहवाल देणारे टी. एन. चतुर्वेदी पुढे भारतीय जनता पक्षातर्फे राज्यसभेत गेले आणि २००२ मध्ये कर्नाटकचे राज्यपाल झाले. विनोद राय २०१६ मध्ये बँक्स बोर्ड ब्यूरोचे अध्यक्ष झाले. दोघांनीही आपले काम चोख केले होते आणि त्यांचे अहवाल पुढच्या मानसन्मानाने खोटे ठरत नाहीत. पण विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले, हे नाकारता येत नाही. ज्याच्या निष्ठेवर आपला विश्वास आहे, त्याच्याबाबतही जो नियम पाळला जातो, तोच नियम.

आपल्या मापाने आपल्यालाही

खरी कसोटी येथेच लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या अहवालात, आयुष्मान भारत योजनेतील साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. द्वारका द्रुतगती मार्गाचा खर्च मंजूर १८.२० कोटींऐवजी प्रतिकिलोमीटर २५०.७७ कोटींवर गेल्याचे नमूद झाले. सरकारने आपली बाजू मांडली. उन्नत मार्ग आणि बोगद्यांमुळे तुलनाच अयोग्य आहे, असे सांगितले. हा सरकारचा अधिकारच आहे. पण २०१० मध्ये कॅगचा अहवाल मिरवणाऱ्याने २०२३ मध्ये त्याच कॅगला देशाच्या प्रगतीतला अडथळा म्हणू नये. गरिबाच्या औषधोपचाराची योजना ज्याला आपली वाटते, त्याला तिच्या यादीतली खोटी नावे सर्वांत आधी खुपली पाहिजेत. आणि जी काँग्रेस काल कॅगची टिंगल करत होती, तिने आज त्याच अहवालाची पाने फडकवावीत, हा तर काळाने उगवलेला सूड!

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव महाराष्ट्र अडीचशे वर्षे का घेतो? १७७३ मध्ये नारायणरावांचा वध झाल्यावर राघोबादादांसारख्या सत्ताधीशाला त्यांनी दोषी ठरवले आणि पद सोडून ते वाईजवळच्या एका गावाची वाट चालू लागले. राज्य परक्याचे नव्हते, आपलेच होते; म्हणून तर त्या निवाड्याला मोल आले.

रामशास्त्री दर पिढीत जन्माला येतीलच, या भरवशावर राज्य चालत नाही. त्यासाठी नियम लागतात आणि नियम करण्याची योग्य वेळ आपली सत्ता असतानाचीच असते. कॅगच्या निवडीसाठी विरोधी पक्षनेत्यासह समिती असावी आणि तिचे इतिवृत्त जतन व्हावे. अहवाल हाती आल्यापासून ठरावीक मुदतीत, किंवा पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात, सभागृहापुढे यावा. मागितलेली नस्ती देण्यास मुदत असावी आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दंड व्हावा. निवृत्तीनंतर राजभवन, राज्यसभा आणि सरकारी मंडळे या सर्वांची दारे त्याला बंद असावीत. निवडीच्या पद्धतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केंद्राला नोटीस बजावली. पण न्यायालयाने कान धरून करायला लावण्यापेक्षा संसदेने स्वतःहून केले, तर त्यात शोभा अधिक.

काँग्रेसने संस्था वाकवल्या, हा आरोप इतिहासात खरा ठरला आहे. तो आरोप करणाऱ्यांकडे आता पुष्कळ वर्षे सत्ता आहे. वाकलेली संस्था सरळ करण्याचे काम भाषणाने होत नाही, कायद्याने होते. आणि सत्ता कधीतरी जातेच. त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती कोणता कॅग सोपवायचा, हे आजच ठरणार आहे.