विश्लेषण : पहिला डीएसएलआर नवा घ्यावा की जुना? मॉडेलच्या सालावर विसंबणे का फसवे ठरते?

पत्रकारितेचे विद्यार्थी, लग्नाच्या फोटोग्राफीत उतरू पाहणारे तरुण, गावात छोटा स्टुडिओ टाकणारे व्यावसायिक यांच्यासमोर पहिला कॅमेरा घेताना एक पेच असतो. दुकानात खोकेबंद मिळणारा प्राथमिक श्रेणीतील डीएसएलआर घ्यावा, की त्याहून कमी पैशांत मिळणारा काही वर्षे जुना, वापरलेला कॅमेरा? मोबाइलच्या बाबतीत नवे मॉडेल जुन्यापेक्षा सरस असते, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे. स्वस्त डीएसएलआरच्या बाबतीत मात्र हे गणित अनेकदा चुकते. काही बाबतींत नवे मॉडेल जुन्यापेक्षा कमीच देते. असे का झाले आणि खरेदी करताना नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

प्राथमिक श्रेणीची सुरुवात कधी झाली?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारा प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन व्ह्यूफाइंडरपर्यंत जातो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. हे तंत्र २००० सालच्या आसपास केवळ व्यावसायिकांच्या खिशाला परवडणारे होते. कॅननने २००३ मध्ये ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा हजार डॉलरच्या आत आणला आणि हौशी छायाचित्रकारांसाठी दार उघडले. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० आला. २००६ मध्ये निकॉनने छोटा, हलका आणि आणखी स्वस्त डी४० आणला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी दर दीड-दोन वर्षांनी या श्रेणीत नवे मॉडेल काढण्याचा शिरस्ता पाळला. निकॉनचे डी३१००, डी३२००, डी३३०० आणि कॅननचे १२००डी, १३००डी ही त्याच साखळीतली नावे.

मग आज ‘नवा’ म्हणजे कोणता?

इथेच पहिली गोम आहे. कॅमेरा कंपन्यांची जपानी संघटना ‘सीपा’च्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांचा बाजार मोबाइलने आधी संपवला. डीएसएलआरचा बाजार आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांनी घेतला. २०२० मध्ये मिररलेसची संख्या पहिल्यांदा डीएसएलआरच्या पुढे गेली. २०२३ मध्ये सुमारे ४८ लाख मिररलेस कॅमेरे बाजारात गेले, तर डीएसएलआर जेमतेम १२ लाख.

त्यामुळे कंपन्यांनी नव्या डीएसएलआरवर काम करणेच सोडले. निकॉनचा या श्रेणीतील शेवटचा कॅमेरा डी३५०० हा २०१८ मधला. २०२२ च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबल्याचे स्पष्ट झाले. कॅननचे १५००डी आणि ३०००डी हेदेखील २०१८ चेच. त्यांच्यापेक्षा वरचा २००डी मार्क २ हा २०१९ चा. म्हणजे दुकानदार ज्याला नवा म्हणतो, तो डीएसएलआर केवळ न वापरलेला असतो, त्याचे तंत्र नवे नसते. खरी तुलना आहे ती जुन्या आणि त्याहून जुन्या कॅमेऱ्यात.

मेगापिक्सेल वाढले, म्हणजे काय वाढले?

डी४० चा सेन्सर ६ मेगापिक्सेलचा होता, तर डी३५०० चा २४ मेगापिक्सेलचा आहे. आकडा चौपट झाला म्हणजे तपशीलही चौपट झाला, असे वाटते. पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. डी४० च्या छायाचित्राची रुंदी सुमारे ३००० पिक्सेल, तर डी३५०० ची ६०००. म्हणजे रुंदी आणि उंची प्रत्येकी दुप्पट झाली.

हा फरक कुठे जाणवतो, ते लग्नाच्या अल्बमवरून समजते. आपल्याकडे प्रचलित असलेला १२ बाय ३६ इंचाचा अल्बम उघडला की एका बाजूचे पान १२ बाय १८ इंचाचे असते. ते एकाच छायाचित्राने भरायचे आणि दर इंचाला ३०० पिक्सेल हा छपाईचा प्रचलित निकष पाळायचा, तर साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा कोणताही कॅमेरा हे सहज करतो. १८ मेगापिक्सेलचा १२००डी किंवा १३००डी केसभर कमी पडतो, पण छापल्यावर तो फरक डोळ्यांना दिसत नाही. ६ मेगापिक्सेलच्या डी४० चे छायाचित्र मात्र दर इंचाला १६७ पिक्सेलवर येते आणि नऊवारीचा काठ किंवा दागिन्यांची नक्षी मऊ पडू लागते.

निकॉनने २४ मेगापिक्सेलची पातळी २०१२ मध्ये डी३२०० मध्येच गाठली होती. त्यानंतरच्या डी३३००, डी३४०० आणि डी३५०० या तिन्हींत तोच आकडा कायम राहिला. कमी प्रकाशात चित्रात येणारे दाणे पुढच्या मॉडेलांत थोडे कमी झाले, हे खरे. भरदिवसा काढलेल्या छायाचित्रांत मात्र डी३३०० आणि डी३५०० ओळखणे जाणकारालाही कठीण जाईल.

वेग आणि फोकसचे काय?

कॅननचा ४००डी हा २००६ मधला १० मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्यात फोकसचे नऊ बिंदू होते आणि तो सेकंदाला तीन छायाचित्रे काढत असे. बारा वर्षांनी आलेल्या १५००डी मध्येही फोकसचे बिंदू नऊच आणि वेगही सेकंदाला तीनच. उलट ४००डी मध्ये सेन्सर हलवून धूळ झटकण्याची सोय होती, ती १५००डी मध्ये नाही. निकॉनकडेही असेच. डी३२०० पासून डी३५०० पर्यंत फोकसचे बिंदू ११ वरच थांबले आणि डी३३०० पासून वेग पाच छायाचित्रांवर स्थिरावला.

बदल झाला तो प्रामुख्याने तीन ठिकाणी. व्हिडिओ आले : डी४० मध्ये ती सोयच नव्हती, २०१० च्या डी३१०० मध्ये पूर्ण एचडी आली. मोबाइलशी जोडणी आली : १३००डी आणि १५००डी मध्ये वायफाय आहे, डी३४०० आणि डी३५०० मध्ये ब्लूटूथ. आणि बॅटरीचा आकडा वाढला.

नव्या मॉडेलमधून काय काढले?

जाहिरातीत वाढलेल्या गोष्टी दिसतात, काढलेल्या दिसत नाहीत. डी३३०० ला बाहेरचा माइक जोडता येत होता. डी३४०० आणि डी३५०० मधून ते छिद्रच गायब झाले. म्हणजे मुलाखती किंवा व्याख्याने चित्रित करणाऱ्यासाठी २०१४ चा डी३३०० हा २०१८ च्या डी३५०० पेक्षा उपयोगी आहे. सेन्सरवरील धूळ आपोआप झटकण्याची सोयही डी३४०० मध्येच काढली गेली.

बॅटरीचा आकडाही जरा उलगडून पाहावा लागतो. एका चार्जिंगमध्ये डी३३०० सुमारे ७०० छायाचित्रे काढतो, डी३४०० सुमारे १२००, डी३५०० सुमारे १५५०. सुधारणा मोठी आहे. पण डी३४०० मध्ये कॅमेऱ्यातल्या फ्लॅशची ताकदही कमी केली गेली : त्याचा गाइड नंबर १२ वरून ७ वर आला. बॅटरीच्या प्रमाणित चाचणीत निम्म्या छायाचित्रांना फ्लॅश वापरला जातो, त्यामुळे कमजोर फ्लॅशमुळेही आकडा वर जातो.

कॅननच्या १५००डी आणि ३०००डी मधली काटछाट स्टुडिओवाल्यांना अधिक बोचणारी आहे. बाहेरचा फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध एक संपर्कबिंदू असतो. कोणत्याही कंपनीचा फ्लॅश किंवा ट्रिगर याच बिंदूवरून चालतो. या दोन कॅमेऱ्यांत तो बिंदूच दिलेला नाही. कॅननचे संकेत समजणारे फ्लॅश चालतात. केवळ मधल्या बिंदूवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर मात्र पेटत नाहीत. ज्याच्या स्टुडिओत अशी सामग्री आधीपासून आहे, त्याने १३००डी सोडून १५००डी घेतला, तर फ्लॅशचा नवा खर्च अंगावर येतो. ३०००डी मध्ये तर लेन्स बसवायची कडी धातूऐवजी प्लास्टिकची आहे.

कंपन्या असे का करतात?

प्राथमिक श्रेणीत नफा कमी असतो आणि ग्राहक किंमत पाहून निर्णय घेतो. माइकचे छिद्र, संपर्कबिंदू किंवा धातूची कडी यांवर वाचलेले थोडे पैसेही लाखो कॅमेऱ्यांच्या हिशेबात मोठे होतात. दुसरे कारण म्हणजे वरच्या श्रेणीचे रक्षण. स्वस्त कॅमेऱ्यातच सगळे मिळाले, तर महाग कॅमेरा कोण घेणार? बाजार आटू लागल्यावर संशोधनाचा पैसा मिररलेसकडे वळला आणि डीएसएलआरच्या तळाच्या मॉडेलांना जुनेच सुटे भाग वापरले गेले. १५००डी मधला डिजिक ४+ हा प्रोसेसर त्याच्याही आधी १३००डी मध्ये होता.

जुना कॅमेरा घेताना धोके कोणते?

म्हणून डोळे मिटून जुना कॅमेरा घ्यावा, असेही नाही. कॅमेऱ्याचे शटर हा झिजणारा भाग आहे. या श्रेणीतली शटरे साधारण एक लाख क्लिकचा हिशेब धरून बनवलेली असतात. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले, तरी पन्नास लग्नांत लाख पुरे होतात. त्यामुळे तीनच वर्षे जुना पण लग्नात राबलेला कॅमेरा हा घरात पडून असलेल्या आठ वर्षे जुन्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक थकलेला असू शकतो. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच क्लिकची संख्या नोंदलेली असते आणि ती सहज वाचता येते. कॅननच्या प्राथमिक कॅमेऱ्यांत ती तशी मिळत नाही. त्यासाठी कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते.

मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत दुसरा शत्रू म्हणजे बुरशी. लेन्समधून उजेडाकडे पाहिल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

तिसरा धोका जुळणीचा. निकॉनच्या डी४० पासून डी३५०० पर्यंतच्या या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. ‘एएफ-डी’ प्रकारच्या जुन्या लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. उलट डी३४०० आणि डी३५०० सोबत येणारी ‘एएफ-पी’ प्रकारची लेन्स डी३२०० किंवा त्याआधीच्या कॅमेऱ्यांवर फोकसच करू शकत नाही. डी३३०० वर ती चालते, पण कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते. फार मागे गेल्यास मेमरी कार्डाचाही प्रश्न येतो. ४००डी ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, तर डी४० ला ३२ जीबीपर्यंतचेच एसडी कार्ड चालते.

पैसे कुठे घालावेत?

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सचे छिद्र ५५ मिलिमीटरला जास्तीत जास्त एफ ५.६ इतकेच उघडते. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लहान, तुलनेने स्वस्त लेन्स त्यापेक्षा सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते. मंगल कार्यालयाच्या पिवळट उजेडात जिथे ६४०० आयएसओ लावावा लागतो, तिथे या लेन्सवर साधारण ६५० पुरतो. डी३२०० सोडून डी३५०० घेतल्याने दाण्यांमध्ये एवढा फरक कधीच पडत नाही. म्हणून नव्या कॅमेऱ्यासोबत केवळ त्याची लेन्स घेण्यापेक्षा, सुस्थितीतला जुना कॅमेरा आणि उरलेल्या पैशांत ही लेन्स, हा बेत बहुतेकांसाठी अधिक फायद्याचा ठरतो.

लेन्सवरचा पैसा पुढेही वाया जात नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सही तशाच चालतात.

निर्णय कसा घ्यावा?

काम मुख्यतः स्थिर छायाचित्रांचे असेल, तर २०१२ नंतरचा १८ किंवा २४ मेगापिक्सेलचा, कमी क्लिक झालेला कॅमेरा पुरेसा आहे. बोलताना चेहऱ्यावर फोकस टिकवणारा व्हिडिओ हवा असेल, तर डी३५०० आणि १५००डी दोन्ही अपुरे पडतात. डीएसएलआरमध्येच राहायचे असल्यास २००डी मार्क २ पाहावा, कारण त्याचा पडद्यावरचा फोकस या सर्वांत चपळ आहे. मात्र त्याच्या ४के व्हिडिओत हा चपळ फोकस चालत नाही आणि चित्राची चौकटही बरीच आवळली जाते. मुख्य काम व्हिडिओचेच असेल, तर थोडे थांबून, पैसे साठवून निकॉन झेड३० किंवा कॅनन आर५० सारखा मिररलेस घेणे शहाणपणाचे.

माहिती शोधताना नावांचा घोळ टाळावा. भारतातला १५००डी युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रिबेल टी७ या नावाने विकला गेला. ३०००डी हा युरोपात ४०००डी, तर २००डी मार्क २ हा २५०डी आहे.

डीएसएलआरचा नवा अवतार आता येण्याची चिन्हे नाहीत. उत्पादन थांबले की सुटे भागही काही वर्षेच मिळतात. जो कॅमेरा घ्यायचा, त्यात आपल्या कामाला लागणारे छिद्र, बिंदू आणि मोटर आहे की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी हातात घेऊन तपासायला हवे. मॉडेल कोणत्या साली आले, हा प्रश्न त्यानंतरचा.