हलकी कोण?

'हलकी' हा शब्द आपल्याकडे दोघींसाठी वापरतात, बिअरसाठी आणि बाईसाठी. बिअर हलकी असली की ती 'लेडीजना चालते'. आणि ती पिणारी बाई मात्र आपोआप हलकी ठरते!

मध्यंतरी आम्ही तिघी कार्यकर्त्या आणि एक सहकारी पुण्यातल्या एका छोट्या ब्रूपबमध्ये गेलो होतो. बिअर तिथेच, काचेआडच्या टाक्यांत तयार होते. वेटरने त्याला काय हवं ते विचारलं; आम्हांला न विचारताच म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी लाइट लागर." मी ती चाखली. फिकट सोनेरी रंग, ताज्या पावासारखा वास, शेवटी हॉप्सचा किंचित कडवटपणा. चव छान होती. माझा आक्षेप त्या 'तुमच्यासाठी'ला आहे.

कारण त्यामागे अज्ञानही आहे. लागर थंडाव्यात सावकाश आंबवतात आणि मग काही आठवडे गारव्यात मुरवतात. चव इतकी स्वच्छ असते की करणाऱ्याची चूक लपत नाही. रंगावरून तर मद्याचं प्रमाण कळतच नाही. काळीभोर गिनेस ४.२ टक्क्यांची, आणि आपल्या बाजारातली फिकट 'स्ट्राँग' बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. मग नाजूक कोण आणि मर्दानी कोण? झारखंडच्या बाजारांत भाताची हंडिया आजही बायकाच करतात, बायकाच विकतात. कष्ट तिचे चालतात, घोट मात्र चालत नाही.

आपल्याच बैठकीत एका ताईंनी विचारलं, "दारूने संसार मोडलेल्या बायकांबरोबर काम करतेस आणि स्वतः पितेस?" प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायका अरॅकविरुद्ध उठल्या. आपल्याकडे गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. ती लढाई मजुरी गिळणाऱ्या दुकानाशी आणि घरातल्या मारहाणीशी होती. त्या रांगेत मी उभी आहे आणि राहीन. दारूचं कोणतंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. मला ते मान्य आहे. पण ते यकृताबद्दल आहे, चारित्र्याबद्दल नाही. आणि यकृत पुरुषांनाही असतं.

समुपदेशनाच्या खोलीत मी रोज दोन वाक्यं ऐकते. नवऱ्याबद्दल : "प्यायला होता हो, एरवी माणूस देव आहे." अत्याचार झालेल्या मुलीबद्दल : "पण ती प्यायली होती ना?" तोच पेला पुरुषाचा गुन्हा धुऊन काढतो आणि बाईच्या माथी गुन्हा मारतो!

कायदा नेमकं उलट सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडविधानाप्रमाणेच, आपणहून केलेली नशा ही गुन्ह्याची सबब होत नाही. आणि नशेमुळे काय चाललंय हे समजत नसलेल्या बाईचा होकार हा होकार धरला जात नाही. समाजाने मात्र आपला वेगळाच कायदा केलाय. २४ जानेवारी २००९ ला मंगळूरच्या पबमध्ये घुसून मुलींना मारलं गेलं, तेव्हा चर्चा मुलींच्या पिण्याचीच झाली. २०१८ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

मैत्रिणींनो, कुणी प्यावं असं मी म्हणत नाही. ज्यांना नको त्यांनी मुळीच पिऊ नये. पण आपल्या केंद्रांत, आपल्या नोंदवहीत दोन गोष्टी आजपासून बंद करू या. 'प्यायला होता' हे मारहाणीचं कारण म्हणून लिहायचं नाही. आणि 'प्यायली होती का' हा प्रश्न तिचं चारित्र्य तोलण्यासाठी विचारायचा नाही. पोलिसांनी विचारला, तर त्याच टेबलावर आपण विचारायचं : "साहेब, तो शुद्धीत होता का?"