कापसाच्या गोदामांचाही वारसा

मनमाड–सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यातून धावू लागली आणि निजामाच्या राज्यातली ही बाजारपेठ कापसाने फुलली. जिनिंग-प्रेसिंगच्या त्या काळात गोदामाची बांधणी मालच ठरवत असे. रुईला ठिणगीचे भय, म्हणून जाड भिंती आणि लाकूड कमीत कमी. ओलीने रुई डागाळते, म्हणून उंच जोते आणि पत्र्याचे उतरते छप्पर. गाठींची थप्पी लावायला मोकळी जागा हवी, म्हणून लोखंडी कैच्यांवर तोललेले लांब गाळे. प्रत्येक मापामागे असे कारण आहे. किल्ले-वाडे आपण वारसा मानतो. शेतकऱ्याच्या घामाचे मोल जिथे साठले, त्या इमारतींनाही तोच मान हवा. उरलेल्या गोदामांची मोजमापे आणि नकाशे महापालिकेने आताच करून घ्यावेत. पाडल्यावर ते कुणालाच काढता येणार नाहीत.